खुराड्याच्या खिडकीवरची चाळण

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. पण अडगळीतली समजू नका. चार मजबूत खिळे ठोकून मला खुराड्याच्या खिडकीवर बसवले आहे. माझ्या पाठीशी कोंबड्या आणि तोंडासमोर माझ्या मालकिणीचे, बहियाचे परसू. येथून मला मातीची भट्टी दिसते, मक्याच्या ताटांची गंजी दिसते आणि कुंपणापलीकडे कालव्याच्या पाण्याची एक पट्टी दिसते. जे दिसत नाही ते मी कोंबड्यांना विचारते. पण कोंबड्या कोणतीही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाहीत, मध्येच दाणे टिपायला जातात.

कशात काय आहे हे जाणून घ्यायची खोड मला जन्मापासूनच आहे. माझा जन्म नाईलच्या खोऱ्यातल्या एका आठवडी बाजारात झाला. एक म्हातारा कारागीर ओले लाकूड वाकवून गोल कडे करी आणि त्यात तारेची जाळी विणून ताणून बसवी. माझी जाळी बसली तेव्हा त्याने मला उन्हासमोर धरून एक डोळा मिटून पाहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा जग दिसले आणि ते बारीक बारीक चौकोनांचे होते. अजूनही मला तसेच दिसते.

बहिया तेव्हा नवी नवरी होती. तिने बाजारातल्या साऱ्या चाळण्या वाजवून पाहिल्या आणि मला उचलले. मग काय विचारता! गहू आला की मी, तांदूळ आला की मी, मका आला की मी. खडे, काड्या, किडके दाणे माझ्या नजरेतून सुटत नसत. शेजारणी मला मागायला येत आणि बहिया म्हणे, "नेतेस तर ने, पण उन्हात टाकू नकोस. तिचं कडं तडकेल." हे ऐकून मला किती बरे वाटे म्हणून सांगू.

पुढे गावात गिरणीवाल्याने यंत्र आणले. पीठ गोणीत भरून, चाळून, शिवून घरी येऊ लागले. मी परसातल्या भिंतीवर खुंटीला लटकले. कोळ्याने माझ्या आरपार जाळे विणले. जाळीवर जाळी, दुसरे काय! बहियाचा नवरा शहाता एकदा म्हणाला, "ही भट्टीत घाल, एक वेळची भाकरी भाजून निघेल." बहियाने मला भट्टीत घातले नाही, खुंटीवरच राहू दिले. मी मात्र कितीतरी दिवस भट्टी पेटली की दचकत असे.

आता खरी गोष्ट सांगते. बहियाची एकुलती लेक नगात. तिचे लग्न पलीकडच्या गावी झाले होते. तिचे पहिले मूल पोटातच गेले आणि ती नुसती हाडांचा सापळा होऊन राहिली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बहियाला बाजूला घेऊन सांगितले, की मुलगी अशक्त आहे, बाळंतपणानंतर तिला नीट खाऊ-पिऊ घातले नाही तर तिच्याही जिवाला धोका आणि बाळाला दूधही पुरणार नाही. बहिया घरी आली आणि तिने त्याच दिवशी खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. पिल्ले निघाली. त्यांना बरसीमचा हिरवा पाला, भिजवलेला कोंडा, भाकरीचा चुरा घालून ती वाढवू लागली.

"सव्वा महिना रोज एका कोंबडीचं कढण माझ्या पोरीच्या पोटात गेलं पाहिजे," ती शहाताला म्हणाली. "तोवर ह्या खुराड्यातल्या पाखराला कुणी हात लावायचा नाही. तुमची बहीण जेवायला आली तरी मसूर शिजेल."

"आणि मी जेवायला आलो तर?" शहाताने विचारले.

"तुम्हालाही मसूरच."

अशा कोंबड्या वाढत असताना एके दिवशी सकाळी दोन मरून पडलेल्या सापडल्या. खाल्लेल्या नव्हत्या, ओढून नेलेल्या नव्हत्या. मानेवर सुईने टोचल्यासारख्या दोन खुणा, बस. शहाता म्हणाला मांजर. त्याने मांजराला हाकलले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक गेली. शहाता म्हणाला कोल्हा, आणि दाराला जाड अडसर घातला. तरी पुन्हा एक गेली. मग बहियाने घारीवर संशय घेतला. पण घार छपराखाली कशी शिरेल हे तिलाच सांगता येईना. मी खुंटीवरून सारे पाहत होते आणि माझा जीव कुतूहलाने कासावीस होत होता. दाराला अडसर, भिंती शाबूत, मग चोर येतो कोठून?

एका दुपारी मला चोर दिसला. घरातले सारे पेंगत होते. भट्टीच्या राखेच्या तोंडातून एक तांबूस, लांबोडके, हातभरसुद्धा नसलेले जनावर बाहेर आले. मुंगसाचे धाकटे भावंड म्हणाल तर शोभेल. ते मागच्या पायांवर उभे राहिले. हनुवटीखाली पांढरे, कान इवलेसे, डोळे काळे. त्याने भट्टी पाहिली, गंजी पाहिली, मला पाहिले. आपल्यासारखेच चौकस दिसते आहे, असे मला वाटले. मग ते खुराड्याच्या खिडकीशी गेले. खिडकीला लाकडी गज होते आणि दोन गजांमध्ये दोन बोटे जेमतेम मावत. त्या फटीतून आधी डोके गेले आणि मग सारे अंग असे ओघळत गेले, की मी पाहतच राहिले. इतकी वर्षे मी दाणे गाळले, पण जनावर गाळले जाताना प्रथमच पाहत होते.

मला ओरडता आले असते तर मी सारे परसू जागे केले असते.

त्या दुपारी मेलेली कोंबडी पाहायला शेजारची तफीदा आली. तफीदा ही गावची जुनी सुईण. आता बाळे दवाखान्यात जन्मतात, पण जन्मल्यावरचे सारे सोपस्कार अजून तिच्याच हातचे. तिने कोंबडीची मान वळवून पाहिली आणि आवाज खाली आणला.

"बहिया, ही इरसा आहे. मोठ्यानं नाव घेऊ नकोस. आणि शिवी तर मुळीच देऊ नकोस. तिला सगळं कळतं. शिवी दिलीस तर सूड म्हणून अख्खं खुराडं रिकामं करील. पाहुणी म्हण तिला. 'पाहुणे बाई, दुसरीकडे जा' असं गोडीनं सांग." त्या तांबूस जनावराला इरसा म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

"गोडीनं?" शहाता पलीकडून गरजला. "माझ्या कोंबड्या मारते आणि मी तिला गोडीनं सांगू? तिच्या सात पिढ्यांना..." आणि त्याने त्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की तफीदाने कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या मेल्या. त्यानंतर शहाताही परसात हळू आवाजात बोलू लागला. भिंतीकडे तोंड करून तो "पाहुणे बाई" म्हणताना मी स्वतः ऐकले आहे.

पण पाहुणी गोड बोलण्याने जाईना. शहाताने खिडकी मातीने लिंपायचे ठरवले, तर बहिया म्हणाली, "ह्या उकाड्यात वारा बंद केलात तर ती मारायच्या आधी तुम्हीच माराल." आणि मग तिची नजर भिंतीकडे वळली. तिने मला खुंटीवरून काढले, कोळ्याचे जाळे फुंकरीने उडवले आणि खिडकीला लावून पाहिले. माप जुळल्यासारखे झाले. वारा येतो, उजेड येतो, पण माझ्या छिद्रातून मुंगीखेरीज कोणी जाणार नाही. शहाताने खिळे ठोकले. पाया उकरून त्यात फुटक्या काचा आणि विटा घातल्या, दाराखालची फट फळीने बुजवली आणि भट्टीच्या तोंडाशी दगड ठेवला.

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा काम मिळाले. इरसा त्याच संध्याकाळी आली. तिने माझ्या जाळीला नाक लावले. तिचा श्वास गरम होता. तिने एकेका तारेला दात लावून पाहिला, कड्याभोवती फिरली, खाली उकरून पाहिले. काच लागली तेव्हा पंजा चाटत बसली. मग निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. त्यानंतर ती रोज येत राहिली. कधी पहाटे, कधी भर दुपारी, घरचे कोणी नसताना. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत असू. तिलाही बहुधा घरी पिल्ले असतील, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. पण माझ्या पाठीमागे नगातचे बाळंतपण होते आणि मी तार सैल सोडणार नव्हते.

घरच्यांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते, की कोंबड्या मरत नाहीत. महिन्यामागून महिने गेले, कोंबड्या गुबगुबीत झाल्या आणि शहाता पुन्हा परसात मोठ्याने बोलू लागला. "गेली वाटतं पाहुणी," तो म्हणे. मला त्याचे हसू येई.

नगात माहेरी आली, बाळंत झाली. मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या, पण नगात इतकी थकली होती, की भिंत धरल्याशिवाय परसात येत नसे. पहिल्या कोंबडीचे कढण तिला मिळाले तेव्हा तिने वाटी चाटून पुसून संपवली. बहिया भट्टीआड जाऊन रडली. मी पाहिले.

आमच्या गावात बाळाचा सातवा दिवस चाळणीवाचून होत नाही. बाळाला चाळणीत निजवतात, भोवती धान्य आणि मीठ टाकतात, कानाशी पितळी खलबत्ता घणघणा वाजवतात म्हणजे ते पुढे कशाला भीत नाही. सुईण चाळण हलवते आणि आई तिच्यावरून सात वेळा पलीकडे जाते. नगातच्या सासरहून बाजारातली चाळण आली होती. सॅटिनची झालर, कागदी फुले. तफीदाने ती दोन बोटांत धरून पाहिली.

"ह्यात बाळ ठेवायचं की लग्नाची मिठाई?" ती म्हणाली. "बहिया, नगात कुठल्या चाळणीत हलवली होती मी?"

"ती तर खुराड्याला लावलीय, तफीदामावशी."

"मग काढ. आई एका चाळणीत आणि लेक दुसऱ्या, असं मी कधी केलं नाही. घरची बरकत घरच्या चाळणीतच असते."

"आणि खिडकी?" शहाताने विचारले.

"गोणपाट कोंबा की. तासाभराचा तर प्रश्न," बहिया म्हणाली. "आणि ती आता येते कुठं? कित्येक महिन्यांत एक पीस तरी हललंय का?"

पीस हलले नाही ते का, हे तिच्या मनात आले नाही. शहाताने खिळे उपटले आणि खिडकीत भाताचा पेंढा भरलेले गोणपाट कोंबले.

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. बहियाने मला गरम पाण्याने घासले, कड्याला लाल फीत बांधली, मऊ फडके अंथरले. मग त्या चिमुकल्या जिवाला माझ्यात निजवले. मी आयुष्यभर गहू-तांदूळ तोलले, पण इतके उबदार वजन नगातनंतर प्रथमच माझ्यावर आले. बाया गोळा झाल्या. मुलांच्या हातात मेणबत्त्या आल्या. तफीदा खलबत्ता बडवत बाळाला सांगू लागली, "आईचं ऐक गं, बापाचं ऐकू नकोस," आणि शहाता दारातून ओरडला, "आजोबाचं तरी ऐकू दे." सारे हसले. नगात एका हाताने आईचा खांदा धरून माझ्यावरून पलीकडे जायची, वळायची, पुन्हा अलीकडे यायची. तिच्या गालांवर थोडा रंग आला होता.

परसाच्या दाराकडे तोंड करून तिने पाऊल उचलले आणि ती तशीच थांबली.

"आजी, खलबत्ता थांबवा."

"मध्ये थांबत नसतात, पोरी. अपशकुन होतो."

"थांबवा म्हणते ना."

खलबत्ता थांबला आणि मग सगळ्यांनाच ऐकू आले. खुराड्यातून येणारा तो आवाज आम्ही इतका वेळ पितळेच्या घणघणाटाखाली बुडवला होता. बहिया जागच्या जागी दगड झाली. नगातने वाकून बाळाला उचलले, छातीशी धरले आणि मला पायाने आईकडे सरकवले.

"आई, चाळण घे. पळ."

"तुझी पावलं राहिलीत..."

"पावलं कुठं पळून चाललीत? कोंबड्या चालल्यात."

बहियाने मला उचलले आणि ती धावली. माझ्यातले मीठ, गहू, मसूर सारे अंगणभर उधळले. गोणपाट खाली पडलेले होते. शहाताने अडसर काढून दार उघडले तसा कोंबड्यांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यांच्यामागे, जराही घाई न करता, ती. तोंडाला रक्त होते. तिने मागच्या पायांवर उभे राहून आम्हा सर्वांकडे पाहिले आणि मक्याच्या गंजीत शिरली.

आत जे होते ते पाहवत नव्हते. तिला एक पुरली असती, पण तिने दिसेल तिला धरले होते. शहाता सुरी घेऊन आत वाकला. आमच्याकडे मेलेले पाखरू खात नाहीत; जिवंतपणी देवाचे नाव घेऊन कापलेले तेवढेच चालते. म्हणून तो एकेका कोंबडीच्या छातीला हात लावून पाहत होता. धडधड लागली तर सुरी फिरवायचा, नाही लागली तर बाजूला ठेवायचा. बाजूचा ढीग मोठा झाला. त्या उन्हात कापलेले एवढे मांस टिकणारही नव्हते. पळालेल्या कोंबड्यांतल्या मोजक्याच परत मिळाल्या.

बहिया मला मांडीवर घेऊन मातीत बसली. "माझ्या पोरीचं बाळंतपण मातीत गेलं," एवढेच ती म्हणत होती. तिने कोणाला दोष दिला नाही. ते तफीदाला जास्त लागले असावे. कारण जी तफीदा इरसेचे नावसुद्धा मोठ्याने घेत नसे, ती गंजीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने इरसेला, तिच्या आईला, आजीला आणि होणाऱ्या सुनांना अशा शिव्या हासडल्या, की शहाताने सुरी खाली ठेवून ऐकत राहावे. दम लागल्यावर ती तरातरा घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत एक पांढरी कोंबडी होती.

"रोज अंडं देते," ती म्हणाली, "पण भांडकुदळ आहे. उद्या हिला शिजव."

"मावशी, तुझी एवढी एकच आहे. मी नाही घेणार."

"मी तुला विचारायला नाही आले. पोरीचा सव्वा महिना आहे. माझ्या तोंडानं चाळण काढली, माझ्या हातानं कोंबडी येऊ दे."

तिच्यामागे बाकीच्या बाया गेल्या आणि आल्या. कोणी कोंबडी आणली, कोणी बदक. एकीने दोन कबुतरे पदराखालून काढली. संध्याकाळपर्यंत खुराडे परक्या पाखरांनी भरले आणि आत अशी भांडणे जुंपली, की मला एकही गोष्ट धड ऐकू येईना. त्याआधी शहाताने मला खिडकीवर बसवले होते. या वेळी त्याने एकेक खिळा दोनदा ठोकला. फीत काढायला तो विसरला आणि कडेच्या तारांत थोडे मीठ अडकून राहिले.

इरसा दुसऱ्याच दिवशी आली. तिने माझ्या जाळीला नाक लावले, मीठ चाटले आणि शिंकली.

सव्वा महिना पुरा झाला त्या सकाळी नगात परसात आली. भिंत न धरता. न्हालेली, नवा झगा घातलेली, अंगाने भरलेली. तिला न्यायला सासरची माणसे दारात आली होती. मागोमाग तफीदा खलबत्ता घेऊन आली.

"राहिलेली पावलं सासरी घेऊन जाऊ नयेत," तफीदा म्हणाली. "बहिया, चाळण..." आणि तिने स्वतःच जीभ चावली.

बहिया माझ्याकडे पाहत होती. मीही श्वास रोखला होता.

"नाही," नगात म्हणाली. "ती कामावर आहे."

तिने माझ्या खाली, खिडकीच्या पायाशी शाल अंथरली, तिच्यावर बाळाला निजवले आणि राहिलेली पावले तिथेच पुरी केली. माझ्या जाळीतून गाळून आलेले ऊन बाळाच्या अंगावर पडले नाही, ते खुराड्यात कोंबड्यांवर पडले होते; पण बाळ डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत होते. तफीदाने खलबत्ता अगदी हळू वाजवला, मध्येमध्ये थांबून कान देत.

मित्रांनो, राखणदाराचे एक दुःख असते. त्याने काम चोख केले की काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून तो रिकामा बसलेला दिसतो. तुमच्याही घरी असे कोणी असेल. एखादी कडी, एखादे कुंपण, एखादे म्हातारे माणूस. सणासुदीला त्याची आठवण जरूर ठेवा, पण त्याला जागेवरून हलवू नका. आमच्या नगातसारखे तुम्हीच त्याच्यापाशी जा.

बहिया आता रोज दाणे टाकायला येते, तेव्हा आधी माझ्या चारही खिळ्यांवरून अंगठा फिरवते. मगच दार उघडते.